दुसऱ्याचा क्रोध आणि साधकाचा आचार

क्रोध हा विकार आहे, तो साधकाने टाकावा, हे पंथीय वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी क्रोधाची सर्व साखळी उलगडून दाखविली आहे. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामना अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश, असा तो उतरता क्रम आहे. स्वतःच्या ठिकाणी उठणारा क्रोध कसा ओळखावा व कसा आवरावा, याविषयीचे निरूपण भिक्षुक व वासनिक सर्वांनीच अनेकदा ऐकलेले असते. परंतु याच विषयाची दुसरी बाजू आहे आणि तिचा विचार त्यामानाने थोडा होतो. क्रोध आपला नसून समोरच्याचा असेल, तो शब्दरूपाने वा दगडरूपाने अंगावर येत असेल, तर त्या वेळी साधकाचा आचार कोणता?

‘शांत राहावे’ हे उत्तर सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. भिंतही शांत असते. भ्यालेला मनुष्यही गप्प असतो. ज्याला समोरच्याच्या दुःखाशी काही कर्तव्य नाही, तोही शांतच असतो. तेव्हा कोणती शांती धर्मरूप आणि कोणती केवळ जडता, याचा निवाडा केल्याशिवाय हे उत्तर आचरणात आणता येत नाही.

हा निवाडा पोथीपुरता राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष भूमी डोळ्यांसमोर ठेवणे बरे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, पुणे–नाशिक महामार्गालगत पिंपळवंडी हे गाव आहे. चाळकवाडीसारख्या वाड्या आणि मळ्यामळ्यांतील वस्त्या मिळून त्याचा विस्तार झालेला आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या टापूत पाणी खेळविले. पाण्यामागून ऊस आला. आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्या वस्तीस आला. येथील लोक त्याला ‘वाघ’च म्हणतात. उसात त्याची पिले जन्मतात, ऊसतोडणीच्या वेळी ती उघडी पडतात, आणि रात्री शेतातील वस्तीवरच्या गोठ्यापर्यंत त्याची वाट येते. शेतीची वीज पुष्कळदा रात्री मिळते. म्हणून शेतकऱ्यास अंधारात दारे धरावयास जावे लागते. शेळी, वासरू, कुत्रे जाणे हे तर नित्याचे; परंतु कधी माणूसही जातो, आणि त्यांत लहान मूल असले म्हणजे गावाचे काळीज फाटते.

२०२४ च्या मे महिन्यात याच तालुक्यातील काळवाडी आणि पिंपरी पेंढार येथे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने असे मृत्यू झाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तिघे गेले; त्यांत दोन मुले होती. त्यानंतर लोकांचा संयम सुटला. जमावाने वन विभागाचे वाहन पेटविले आणि दुसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे महामार्ग रोखून धरला. शेवटी एका बिबट्यास गोळी घालण्यात आली.

हा क्रोध कोणत्या जातीचा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. तो मानापमानाचा नाही, लोभाचा नाही. तो शोकाचा आहे. त्याच्या पोटात भय आहे आणि ‘आमचे कोणी ऐकत नाही’ ही पुष्कळ दिवसांची सल आहे. आता अशा एखाद्या वस्तीवर महानुभाव भिक्षुक भिक्षेस गेला, अथवा त्याच आळीतील उपदेशी वासनिक समाचारास गेला, असे समजावे. घरातला मनुष्य उसळून म्हणतो, ‘तुमची अहिंसा तुमच्यापाशी ठेवा. आमचे लेकरू गेले. आता या तालुक्यात एक वाघ जिवंत राहता कामा नये.’ येथे साधकापुढे खरा पेच उभा राहतो. त्याच्या आचारधर्माचा पाया अहिंसा आहे. जीवमात्रास पीडा न व्हावी हा त्याचा नियम आहे. आणि समोर जो जीव तळमळत आहे, त्याची पीडा त्या क्षणी त्या नियमाच्या नावानेच वाढत आहे. काय बोलावे? की बोलूच नये?

अशा प्रसंगी मनुष्य बहुधा तीनपैकी एक चुकीची वाट धरतो.

पहिली वाट प्रतिक्रोधाची. तिचा दोष उघड आहे, तरी ती सर्वांत जवळची वाट आहे. गीतेत सांगितलेली साखळी एकाच अंतःकरणात पुरी होते असे नाही. एकाच्या क्रोधाचे टोक दुसऱ्याच्या कामनेला लागते, आणि तेथून तीच साखळी पुन्हा सुरू होते. ‘मला असे बोलतो?’ हा विचार म्हणजे मानाची कामना अडल्याची खूण. तेथून पुढे समोरच्याचे दुःख दिसेनासे होते, फक्त त्याचे शब्द ऐकू येतात. आपण येथे कशासाठी आलो होतो, ही स्मृतीच जाते. समाचारास गेलेला मनुष्य वाद जिंकून परत येतो. यास स्मृतिभ्रंश म्हणावयाचे नाही तर दुसरे काय?

दुसरी वाट उपेक्षेची. ती शांतीचा वेष घेऊन येते म्हणून अधिक फसवी. एकादश स्कंधात अवंतीच्या एका ब्राह्मणाचा वृत्तांत आहे. तो आधी धनलोभी होता. धन गेल्यावर विरक्त होऊन भिक्षू झाला. लोक त्याला छळीत, त्याचे पात्र हिरावीत, अन्नावर घाण करीत. आणि तो मनाशी विवेक करी की, या दुःखास हे लोक कारण नाहीत, ग्रह कारण नाहीत, आपले मनच कारण आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी एकादश स्कंधावर मराठीत ग्रंथ केला, यावरून या विषयाचे पंथातील स्थान लक्षात येईल. भिक्षूचा हा विवेक थोर आहे. पण त्याचे क्षेत्र नीट ओळखले पाहिजे. तो विवेक भिक्षूने स्वतःच्या दुःखाविषयी केला. दुसऱ्याच्या दुःखाविषयी त्याने तो कोणास सांगितला नाही. मूल गमावलेल्या बापास ‘दुःख मनाचे आहे’ असे सांगणे, अथवा ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणून उठून जाणे, हा त्या विवेकाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. जे औषध स्वतः घ्यावयाचे, ते दुसऱ्याच्या तोंडात बळाने कोंबले तर ते औषध राहत नाही. अवेळी केलेला उपदेश हीसुद्धा एक प्रकारची हिंसाच होय. फरक इतकाच की तिच्यात रक्त दिसत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे, तिच्यात अक्रोध, शांती, दया आणि क्षमा ही नावे वेगवेगळी आली आहेत. एकच गुण सांगावयाचा असता तर चार नावांचे प्रयोजन नव्हते. अक्रोध म्हणजे क्रोध नसणे. त्याने एक जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत दया आली तर शांती फलद्रूप झाली. तेथे काहीच आले नाही तर ते रिते घर आहे. उपेक्षा करणाऱ्याची चूक ही की, तो जागा झाडून बसतो आणि तेवढ्यालाच पूजा समजतो.

तिसरी वाट भयाच्या होकाराची. समोरचा रागावला आहे, तो जे मागेल ते लगेच कबूल करावे, म्हणजे प्रसंग टळेल, अशी ही समजूत. हिला पुष्कळ लोक नम्रता म्हणतात. तिचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण जुन्नरच्या भूमीनेच दिले आहे. २००१ ते २००३ या काळात येथे बिबट्याचे हल्ले वाढले, लोकक्षोभ उसळला, आणि ‘आमच्या येथून वाघ न्या’ या मागणीला उत्तर म्हणून शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात पकडण्यात आले व त्यांतील पुष्कळ दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. पिंजरा भरला की जमाव शांत होई. परंतु विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास करून २०११ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो विपरीत होता. पूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. या स्थलांतराच्या काळात ते सरासरी १७ च्या घरात गेले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. आपली ओळखीची जागा सुटलेले जनावर अनोळखी मुलखात माणसांच्या अधिक जवळ आले. एका गावाचा राग शमविण्यासाठी जे केले, त्याचे दुःख दुसऱ्या गावाच्या पदरात पडले. ज्यांनी पिंजरे लावले त्यांचा हेतू वाईट नव्हता, लोकांचे दुःखही खोटे नव्हते. परंतु क्रोधाने जे मागितले ते देणे आणि क्रोधाच्या मुळाशी जे दुःख आहे त्याला उत्तर देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद पुसला की होकारसुद्धा अनर्थाला कारण होतो.

मग प्रतिक्रोध नाही, उपेक्षा नाही, भयाचा होकारही नाही, अशी चौथी वाट कोणती? ती सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या एका लीळेत स्पष्ट दिसते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी उठविलेला ससा धावत येऊन स्वामींच्या आसनाशी, त्यांच्या जानूखाली लपतो. मागून पारधी येतात आणि ससा मागतात. तो पैजेचा ससा आहे. तो न मिळाला तर आपसांत शस्त्रे निघतील, असे ते सांगतात. शिकारीच्या आवेशात असलेली, हातात शस्त्रे घेतलेली माणसे आणि त्यांच्यासमोर निःशस्त्र बसलेले स्वामी, असा तो प्रसंग आहे.

या लीळेत स्वामींनी काय केले, तितकेच काय केले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ते पारध्यांवर कोपले नाहीत. ससा येथे नाहीच, असे असत्य त्यांनी सांगितले नाही. ते मौन धरून बसले नाहीत. आणि त्यांनी ससाही दिला नाही. शरण आलेल्यास मरणाच्या हाती कसे द्यावे, असे त्यांनी त्या पारध्यांनाच विचारले. म्हणजे ज्यांच्या हाती शस्त्र होते, त्यांच्याही ठिकाणी न्याय जाणणारी बुद्धी आहे, असे धरून ते बोलले. येथेच लीळेचे मर्म आहे. क्रोधाने वा आवेशाने झाकलेल्या बुद्धीला उद्देशून बोलावे, क्रोधाला उद्देशून बोलू नये. ससा सुखरूप राहिला आणि पारधीही अपमान न पावता परतले. दोघांचेही रक्षण झाले.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि ते टाळणे प्रामाणिक होणार नाही. पहिला असा की, स्वामी परमेश्वर अवतार. त्यांच्या सन्निधानाचे सामर्थ्य बद्ध जीवाच्या ठिकाणी कोठून यावे? आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून निघते ते इतकेच की, साधकाच्या शांत बोलण्याने समोरचा निवळेलच अशी हमी नाही. आचार फळाच्या हमीवर अवलंबून नसतो. उलट स्वतः बद्ध असल्याची जाणीव साधकाच्या फार उपयोगी आहे. समोरचा क्रोधी जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे आणि आपणही तसेच बांधलेले आहोत, हे आठवले की उंचावरून बोलण्याची सवय सुटते. आज शोक त्याच्या घरी आहे. उद्या आपल्या घरी आला तर आपणही कदाचित याहून कठोर शब्द बोलू.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लीळेतील ससा निरपराध होता, आणि पारध्यांची हानी झाली ती पैजेची. पिंपरखेडच्या घरात तर मूल गेले आहे. तेथे बिबट्याची बाजू सशाप्रमाणे कशी मांडावी? उत्तर असे की, त्या दारात ती मांडूच नये. बिबट्याला पाप-पुण्य नाही, तो भुकेने वागतो, हे सत्य आहे. साधकाने स्वतः कोणाच्याही मरणास हातभार लावू नये, त्यात आनंद मानू नये, हेही सत्य आहे. परंतु शोकाच्या दारात जनावराचा जीव आणि लेकराचा जीव एका तराजूत घालण्याचा अधिकार कोणासही नाही. त्या दिवशी त्या घरापुरता शरण आलेला जीव तो बाप आहे, ती माता आहे. लीळेतील सशाची जागा त्यांची आहे, आणि त्यांना ज्यापासून वाचवावयाचे तो पारधी म्हणजे त्यांचाच क्रोध आहे. ही दृष्टी आली की पेच बराचसा सुटतो.

सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाचे लक्षण आहे. वाणी उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय आणि हितकर असावी, असे ते आहे. या गुणांपैकी एखादाच धरला की वाट चुकते. केवळ प्रिय बोलणारा होकार देतो. केवळ सत्य बोलणारा जखमेवर बोट ठेवतो. सर्व गुण एका क्षणी साधत नसतील तर त्यांना क्रम लावता येतो. प्रथम अनुद्वेग: आधी ऐकावे, मध्ये तोडू नये, शब्दांची चूक काढू नये. नंतर सत्य, आणि तेही समोरच्याच्या बोलण्यातील सत्यापासून सुरू करावे. दृष्टांतपाठातील जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. क्रोधी मनुष्याच्या हाती हत्तीचा एकच अवयव असेल, परंतु तो अवयव हत्तीचाच आहे. ‘रात्री पाणी धरावे लागते, मूल अंगणात सोडता येत नाही, तक्रार केली तरी कोणी लवकर येत नाही,’ यात जे खरे आहे ते खरे म्हणून मोकळेपणी मान्य करावे. ज्याच्या सत्याचा स्वीकार झाला, त्याला ओरडण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर हित. हित केवळ बोलण्याने होत नाही. पिंपळवंडीच्या मळ्यात ते असे दिसेल: घराभोवतालचे गवत व झुडुपे काढण्यास हात लावणे, गोठा बंदिस्त करण्यास साह्य करणे, शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर मोठ्या माणसाने जाण्याची पाळी लावणे, दिवसा वीज मिळावी म्हणून अर्ज करणाऱ्यांबरोबर जाऊन बसणे, साहाय्याच्या अर्जाची कागदपत्रे लिहून देणे. हे हात त्या घराच्या उपयोगी पडले, तर पुढे योग्य वेळी ‘सगळे वाघ मारून हे थांबणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार येतो. आधी नाही.

या संदर्भात वनरक्षकाचाही विचार केला पाहिजे. लोकांचा क्रोध बिबट्यापर्यंत पोहोचत नाही, धोरण ठरविणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तो जो समोर सापडेल त्याच्यावर कोसळतो. गणवेशातील तो तरुण पुष्कळदा जवळपासच्याच गावचा असतो, आणि त्याचीही लेकरे उसाच्या कडेने शाळेत जातात. जाळलेल्या गाडीने एकही बिबट्या दूर गेला नाही. उलट रात्री हाक आली तर धावून येण्याचे एक साधन मात्र गेले. हे सांगणे आवश्यक आहे. परंतु ते आग विझल्यावर, आणि ज्याने कधी तरी त्या शेतकऱ्याबरोबर रात्री पाणी धरले आहे त्याने सांगावे. त्या वनरक्षकाने जमावापुढे हात जोडून उभे राहणे, शिवी ऐकूनही पंचनाम्याचे काम पुरे करणे, ही दुर्बलता नव्हे. तो पंथीय असो वा नसो, गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे जे लक्षण सांगितले आहे, की ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांपासून ज्याला उद्वेग होत नाही, त्याचा एक अंश त्या क्षणी त्याच्या आचरणात असतो.

प्रसंग नेहमीच इतका भयंकर असतो असे नाही. भिक्षेच्या दारात कठोर शब्द मिळतात. आश्रमात सेवेवरून, पंगतीवरून कुरबूर होते. घरात भाऊ भावावर, सून सासूवर चिडते. मोठ्या प्रसंगात जे स्पष्ट दिसते तेच येथे लहान प्रमाणात चालू असते. या क्रोधाच्या आतही बहुधा एखादे भय, एखादी दुर्लक्षिलेली सल असते. उत्तर देण्यापूर्वी साधकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मी मानासाठी बोलत आहे का? मी सुटका व्हावी म्हणून गप्प आहे का? मी भयाने होकार देत आहे का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर जे उरते ते बोलण्यास हरकत नाही.

धर्मरूप शांतीची परीक्षा क्रोधाच्या वेळी होत नाही. ती क्रोध ओसरल्यावर होते. राग गेल्यावर मनुष्यास आपल्याच शब्दांची लाज वाटते. ज्याला आपण उलट बोललो तो लाजेऐवजी वैर धरतो. ज्याची उपेक्षा केली तो दूर राहतो. ज्याला भयाने होकार दिला तो पुढच्या वेळी अधिक मोठ्याने ओरडतो. परंतु ज्याचे ऐकून घेतले, ज्याचे खरे ते मान्य केले आणि खोटे ते न दुखविता नाकारले, तो एखाद्या दिवशी स्वतः होऊन दारात येतो. तो आला तर मागचा विषय काढू नये. त्याला बसावयास द्यावे, पाणी द्यावे, आणि गोठ्याचे दार नीट लागते की नाही, एवढे विचारावे.